हवामान कृती प्रकल्प : परिसर आणि संशोधन यांची एकत्र बांधणी (कामाच्या नोंदी, डिसेंबर २०२४ ते जुलै २०२५)

९ डिसेंबर २०२४

आमच्या विद्यापीठाच्या या प्रकल्पाला आज लेखी मान्यता मिळाली. हवामान बदलाबाबत विद्यापीठाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे दोन वेगळ्या फायलींत ठेवलेले असते. एका फायलीत शोधनिबंध, परिषदा आणि पीएच.डी.चे विषय असतात. दुसरीत वृक्षारोपण, सायकल दिन आणि नॅकच्या (विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) सातव्या निकषासाठी तयार करून घेतलेला हरित लेखापरीक्षणाचा अहवाल असतो. या दोन फायली हाताळणाऱ्या माणसांची सहसा गाठही पडत नाही. एखाद्या विभागात शहरी उष्णतेवर उत्तम संशोधन चालू असते आणि त्याच इमारतीच्या गच्चीवर काळ्या डांबरी थराचे वॉटरप्रूफिंग करण्याची निविदा मंजूर होते. ज्यांच्याकडे ज्ञान आहे त्यांच्याकडे सहीचा अधिकार नाही, आणि ज्यांच्याकडे सही आहे त्यांच्यापर्यंत ते ज्ञान पोहोचत नाही. या प्रकल्पाचे खरे काम हे अंतर मिटवण्याचे आहे. बाकी सर्व त्यामागून येईल, अशी माझी धारणा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये ‘सतत’ या नावाने परिसराच्या शाश्वत विकासाचा आराखडा दिला आहे, आणि मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये शहराचा हवामान कृती आराखडा जाहीर करून २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. आराखड्यांची उणीव नाही. उणीव आहे ती कोणत्या खोलीत, कोणत्या मीटरवर, कोणत्या बिलात हे काम सुरू होते, हे सांगणाऱ्या माणसाची.

२० डिसेंबर २०२४

परिसरातून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची मोजणी कशी मांडायची यावर आज बैठक झाली. प्रचलित पद्धतीत तीन कप्पे असतात. आपण स्वतः जाळतो ते, म्हणजे जनरेटरचे डिझेल, मेसचे सिलिंडर आणि वातानुकूलन यंत्रांतून निसटणारा वायू, हे पहिल्यात येते; विकत घेतलेली वीज दुसऱ्यात येते; आणि प्रवास, खरेदी, कचरा असे उरलेले सर्व तिसऱ्यात जाते.

परदेशी विद्यापीठांचे नमुने समोर ठेवून तक्ते भरू नयेत, असे मी आग्रहाने मांडले. थंड देशांतील विद्यापीठांत इमारती तापवण्याचे इंधन, खासगी मोटारी आणि विमानप्रवास यांचा वाटा मोठा असतो. आपला विद्यार्थी विरारहून, कर्जतहून, पनवेलहून लोकलने येतो आणि स्टेशनपासून शेअर रिक्षाने किंवा पायी. त्याच्या प्रवासात कपात सुचवण्यासारखे फारसे काही नाही. त्याने पुढेही लोकलच धरावी, एवढे आपण पाहिले तरी पुरे. महापालिकेच्या आराखड्यातील २०१९ च्या मोजणीनुसार शहराचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते, आणि त्यातील ७० टक्क्यांहून अधिक भाग ऊर्जेचा, मुख्यतः इमारतींतील विजेचा होता. मुंबईला मिळणारी वीज अजूनही प्रामुख्याने कोळशावर तयार होते. म्हणून आपली सुरुवात विजेपासून होणार, हे नक्की झाले.

१७ जानेवारी २०२५

लेखा विभागातून मागील वर्षांची वीजबिले मिळाली. संपूर्ण परिसराला एकच उच्चदाब जोडणी आहे आणि बहुतेक इमारतींना स्वतंत्र उपमीटर नाही. त्यामुळे कोणत्याही विभागाला आपण किती युनिट वापरतो हे माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्याची जबाबदारीही कोणी घेत नाही. उपमीटर बसवणे हे आकर्षक काम नव्हे. त्याचे उद्घाटन होत नाही, छायाचित्र निघत नाही. तरीही सौर पॅनेलच्या आधी ते व्हावे, असे मी टिपणात लिहिले आहे.

दुपारी विद्युत विभागातील ज्येष्ठ वायरमनसोबत जुन्या इमारतीतील वर्गखोल्या पाहिल्या. भिंतीवर अजून जुने डब्याचे रेग्युलेटर आहेत. त्यांनी पंखा दोनवर ठेवला आणि थोड्या वेळाने म्हणाले, “मॅडम, डब्याला हात लावून बघा.” डबा चांगलाच गरम होता. “पंखा हळू झाला म्हणून वीज वाचली असं पोरांना वाटतं. वाचली नाही, ती इथं जळतेय.” त्यानंतर शिडी लावून पंख्याच्या तारेवर वॅटमीटर जोडला. जुन्या पंख्याचे पूर्ण वेगातील वाचन ७६ वॅट आले. नमुन्यादाखल आणलेल्या बीएलडीसी पंख्याचे, म्हणजे ब्रशविरहित मोटरच्या, कमी विजेवर चालणाऱ्या पंख्याचे, २९.

या एका वाचनावरून वर्षाचा हिशेब मांडता येतो. एका पंख्यामागे सुमारे ४५ वॅट वाचतात असे धरले आणि पंखा वर्षाला २,२०० तास चालतो असे मानले, तर जवळपास १०० युनिट वाचतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे देशाच्या ग्रिडमधील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला ७० किलो. आमच्या बिलात सर्व आकार धरून युनिट दहा रुपयांच्या आसपास पडते, तेव्हा पैशांत ही बचत हजार रुपयांची झाली. दोन पंख्यांच्या किमतीतील फरक दीड वर्षात भरून निघतो.

असे असूनही मागील खरेदीत जुन्याच पद्धतीचे पंखे घेतले गेले, कारण निविदेत ‘छताचा पंखा, १२०० मिमी’ एवढेच लिहिले होते आणि सर्वांत कमी दर त्यालाच आला. या ओळीकडे पुन्हा यावे लागेल.

६ फेब्रुवारी २०२५

आज एका अनपेक्षित ठिकाणी महत्त्वाची गोष्ट हाती लागली. ‘दुरुस्ती’ या शीर्षाखाली एसीची जी बिले येतात, त्यांत ‘गॅस भरला’ ही नोंद वारंवार आढळते. गॅस भरावा लागतो याचा अर्थ आधीचा गॅस गळून हवेत गेला. जुन्या यंत्रांतील आर-२२ या वायूची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट आहे, आणि आर-४१०ए ची दोन हजारांच्या वर. एक किलो आर-२२ गळणे म्हणजे जवळपास १.८ टन कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे, म्हणजे पंचवीस पंखे बदलून वर्षभरात जे वाचवले, ते एका सैल नटातून निसटले.

ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल कराराखाली आर-२२ चा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे आणि त्याच करारातील किगाली दुरुस्तीला (आर-४१०ए सारखे वायू कमी करण्याच्या) भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. नव्या यंत्रांत आर-३२ येतो, त्याची क्षमता ६७५ पटींच्या आसपास आहे. तोही निरुपद्रवी नाही, पण फरक मोठा आहे. रसायनशास्त्र विभागातील सहकाऱ्यांना मी सुचवले की एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी परिसरातील गळतीचा अभ्यास घ्यावा: कोणत्या यंत्रातून, कोणत्या जोडापाशी, भरल्यानंतर किती महिन्यांनी. मुंबईच्या खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटची तांब्याची नळी आणि पत्रा लवकर गंजतात, हे एसीचे काम करणारा प्रत्येक मेकॅनिक सांगतो. गंज आणि गळती यांचा नेमका संबंध आपल्या इमारतींवर मोजला गेला, तर तो समुद्रकाठच्या कोणत्याही संस्थेच्या कामी येईल.

एसीचे तापमान २४ अंशांवर ठेवण्याचे परिपत्रक काढावे अशी सूचना आली. जानेवारी २०२० पासून वीजबचतीचे तारांकन असलेली यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. परिपत्रकापेक्षा रिमोट कोणाच्या हातात राहतो हे ठरवणे उपयोगी पडेल.

११ मार्च २०२५

वसतिगृहाच्या मेसमधील ओला कचरा तोलण्याचे काम गेल्या काही आठवड्यांत संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतले. ताटातले खरकटे आणि पातेल्यात उरलेले अन्न यांचे ड्रम वेगळे ठेवायचे, एवढा एकच बदल मी मागितला होता. मेसमध्ये काम करणाऱ्या मावशींना तो पहिल्या दिवशी जाच वाटला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच ड्रमवर खडूने खुणा केल्या.

मोजणीत दिसले ते असे की पातेल्यातले ताटातल्यापेक्षा जास्त असते, आणि शुक्रवारी रात्री ते सर्वाधिक असते. कारण सरळ आहे. पालघरची, रायगडची मुले शुक्रवारी दुपारी घरी निघून जातात आणि भात मात्र पूर्ण पटसंख्येचा शिजतो. भिंतीवर ‘अन्न वाया घालवू नका’ असे फलक लावून विद्यार्थ्यांना शिकवण देण्याचा जो प्रघात आहे, तो इथे लागूच होत नाही. चूक ताटात नाही, अंदाजात आहे. आता शुक्रवारी कोण थांबणार याची नोंद गुरुवारी रात्री घेऊन मेसच्या महाराजांकडे देण्याचे ठरले आहे. “आकडा द्या, मी बरोब्बर तेवढंच लावतो,” असे ते म्हणाले, आणि त्यांच्या हाताचा अंदाज पाहता मला त्यात शंका नाही.

जे उरेल त्याची विल्हेवाट परिसरातच लागली पाहिजे. रोज शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या किंवा वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या आस्थापनांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, असे महापालिकेने २०१७ मध्येच बंधनकारक केले. देवनारचे क्षेपणभूमीचे मैदान १९२७ पासून वापरात आहे. तिथे दडपलेला ओला कचरा हवेविना कुजतो आणि मिथेन तयार होतो. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर चेंबूर-गोवंडीकरांनी दिवसेंदिवस सोसला. आपल्या मेसचा उरलेला भात तिथवर पोहोचणे हे केवळ हिशेबातले उत्सर्जन नाही, दुसऱ्याच्या दारात टाकलेला भार आहे.

भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ तंत्र विचारात घ्यावे असे मी लिहिले आहे. यात कचरा आधी दळून, गरम पाणी आणि हवा देऊन कुजवला जातो आणि मग मिथेन देणाऱ्या टाकीत जातो. मिळणाऱ्या वायूने सिलिंडर वाचतात. १९ किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर जळला की सुमारे ५७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. मात्र नारळाच्या करवंट्या, हाडे, अंड्यांची टरफले कचऱ्यातून वेगळी काढावी लागतात. हा वर्गीकरणाचा शिस्तीचा भाग जमला नाही की संयंत्र बंद पडते, आणि ते यंत्राचे अपयश म्हणून फायलीत जाते. म्हणून संयंत्राच्या प्रस्तावातच वर्गीकरण करणाऱ्या व्यक्तीच्या वेतनाची तरतूद असावी.

१६ एप्रिल २०२५

परीक्षांचे दिवस आहेत आणि वरच्या मजल्यावरील सभागृहात दुपारच्या सत्रात बसवत नाही. मुंबईचा उन्हाळा आकड्यांत विदर्भापेक्षा सौम्य दिसतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीराला थंड होण्याचा मार्ग उरत नाही. तीन तास लिहिणाऱ्या मुलीच्या उत्तरपत्रिकेवर मनगटाखाली रुमाल अंथरलेला असतो. कागद भिजू नये म्हणून. हा उष्णतेच्या संशोधनाचा विषय आहे, आणि तो आपल्याच वर्गात रोज मांडलेला आहे.

भूगोल विभागाच्या विद्यार्थिनीने गच्चीवर तीन पट्टे आखले आहेत: उघडे काँक्रीट, चुन्याचा हात आणि उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग. दुपारी दोन वाजता अवरक्त (इन्फ्रारेड) तापमापकाने घेतलेल्या वाचनांत उघडा स्लॅब पन्नाशीच्या वर होता आणि रंगाचा पट्टा त्याहून बराच खाली. चुना मधे होता, पण रंगाच्या जवळचा. चुना किती स्वस्त आहे हे लक्षात घेता ही बाब महत्त्वाची आहे.

तरीही तिच्या प्रबंधाचा गाभा वेगळा ठेवावा, असे मी तिला सांगितले. पांढरी गच्ची थंड राहते हे जगभर सिद्ध झाले आहे. एका मुंबईच्या पावसाळ्यानंतर, शेवाळ आणि काजळी बसल्यावर, त्या पांढऱ्या पृष्ठाची परावर्तनशक्ती किती उरते, आणि दर हिवाळ्यानंतर पुन्हा हात फिरवावा लागला तर खर्च कुठे जातो, हे आपल्या दमट पट्ट्यासाठी मोजले पाहिजे. म्हणून तिची तापमानाची वाचने ऑक्टोबरपर्यंत चालतील. रात्री नऊचे वाचनही घेण्यास सांगितले, कारण जाड स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता संध्याकाळी खाली सोडतो आणि वसतिगृहाचा वरचा मजला ती भोगतो.

सौर पॅनेलवाल्यांचा प्रस्तावही याच गच्चीसाठी आला आहे. एका किलोवॅटला सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास वीज मिळते. टाक्या, जिन्याच्या खोल्या, पावसाळी पत्रे आणि शेजारच्या उंच इमारतींची सावली वगळता किती जागा राहते, हे स्थापत्य विभागाने मोजून द्यायचे आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळाची आठवण ठेवून सांगाड्याच्या वाऱ्याच्या भाराची गणना प्रस्तावासोबत जोडल्याशिवाय तो पुढे पाठवणार नाही.

२७ मे २०२५

मोसमी पाऊस काल मुंबईत दाखल झाल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. यंदा पंधरवड्याहून अधिक आधी आला. नव्याने सुरू झालेल्या आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. आमच्याकडे तळघरातील विद्युत कक्षाच्या पायऱ्यांपर्यंत पाणी आले, आणि पंप अजून दुरुस्तीहून परतलेला नव्हता, कारण कंत्राटात ‘१० जूनपूर्वी’ असे लिहिले होते. कंत्राटातल्या तारखा जुन्या हवामानावर बांधलेल्या आहेत. पावसाळापूर्व कामांची मुदत यापुढे १५ मे असावी, असे टिपण आजच दिले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे वाढते चढउतार आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीकाठच्या वस्त्या आणि कलिना परिसर पाण्याखाली गेला होता. आयआयटी मुंबईतील हवामान अभ्यास केंद्राने शहरासाठी पाऊस आणि पाणी साचण्याच्या अंदाजाची प्रायोगिक व्यवस्था उभारली आहे, आणि तीत नागरिकांनी पाठवलेल्या नोंदींचाही उपयोग होतो. आपले विद्यार्थी शहराच्या प्रत्येक कोपऱ्यातून येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून या नोंदी शिस्तीने पाठवणे हे संशोधनात थेट भर घालणारे काम आहे.

परिसरापुरते पाहायचे तर हजार चौरस मीटर गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी खाली येते, आणि ते सगळे एकाच वेळी नाल्याकडे धावते. गेल्या काही वर्षांत झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले गेले आहेत. ते बुंध्याभोवती काढून माती मोकळी करण्याचे काम उद्यान विभागाच्या माळीदादांनी ताम्हण आणि बकुळीच्या रांगेपासून सुरू केले.

१८ जून २०२५

संशोधन मंडळाच्या बैठकीत थोडी कटुता झाली. नियतकालिकात छापलेल्या निबंधाला गुण मिळतात, पण परिसर अभियंत्याच्या टेबलावर जाणाऱ्या अहवालाला काहीही मिळत नाही. मग तरुण प्राध्यापकाने आपल्या गच्चीवर वेळ का घालवावा? हा प्रश्न मला रास्त वाटतो. परिसरावरील प्रबंधाच्या मौखिक परीक्षेला अभियांत्रिकी किंवा लेखा विभागाचा एक सदस्य बसावा आणि शिफारस स्वीकारली गेल्यास तिची नोंद मार्गदर्शकाच्या मूल्यमापनात व्हावी, असा ठराव मी मांडला. पहिला भाग मंजूर झाला. दुसऱ्यासाठी पुन्हा लढावे लागेल.

९ जुलै २०२५

खरेदी समितीची बैठक. माझ्या दृष्टीने गेल्या सात महिन्यांचे काम या एका तासासाठी होते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पंखा, दिवा आणि एसी यांचा दहा वर्षांचा एकूण खर्च, म्हणजे किंमत, वीज, दुरुस्ती आणि गॅस धरून, मांडला. लेखा अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “हे सगळं मान्य आहे. पण उद्या लेखापरीक्षक विचारतील, स्वस्त मिळत असताना महाग का घेतलंत? त्यांना मी कोणता नियम दाखवू?”

हा विरोध नव्हता. वर्षानुवर्षे याच प्रश्नावर चांगले प्रस्ताव परत गेले आहेत. उत्तरही त्यांच्याच सोबत बसून सापडले. सर्वांत कमी दराचा नियम बदलण्याची गरज नाही, निविदेतील वर्णन बदलायचे. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचे आहे आणि ते दर वॅटमागे मिनिटाला किती घनमीटर हवा मिळते यावरून ठरते. तांत्रिक अटीत तेवढी किमान क्षमता लिहिली की जुन्या मोटरचा पंखा स्पर्धेतच येत नाही, आणि पात्र पंख्यांत सर्वांत कमी दराचा घेतला की नियमही पाळला जातो. एसीसाठी कोणता वायू चालेल, दिव्यासाठी दर वॅटला किती प्रकाश हवा, गच्चीच्या थरासाठी किती परावर्तन हवे, हेही याच पद्धतीने लिहिता येईल. आणि हे आकडे ठरवण्याचे काम विभागांतील प्रबंधांनी करायचे आहे. लेखा अधिकाऱ्यांनी मसुदा स्वतःच्या हस्ताक्षरात दुरुस्त करून दिला.

२८ जुलै २०२५

पंख्यांच्या निविदेच्या तांत्रिक अटी अंतिम झाल्या. पहिला टप्पा वरच्या मजल्यावरील परीक्षा सभागृह आणि वसतिगृहाचा शेवटचा मजला असा ठरला. एसीत भरलेल्या गॅसचा प्रकार, वजन आणि यंत्राचा क्रमांक लिहिल्याशिवाय दुरुस्तीचे बिल मंजूर होणार नाही, असे लेखा विभागाने कळवले आहे. नोंदवहीचा नमुना रसायनशास्त्र विभागाने दिला. उपमीटरचा प्रस्ताव पुढील अर्थसंकल्पात गेला आहे, मंजुरी बाकी आहे.

एक अट आज वायरमनच्या सांगण्यावरून घातली. काढलेले जुने पंखे भांडारात जातात आणि तिथून हळूहळू दुसऱ्या इमारतींत पुन्हा लागतात, त्यामुळे एकीकडे वाचलेली वीज दुसरीकडे खर्च होते. म्हणून पुरवठादाराने नवा पंखा बसवताना जुना पंखा आणि डब्याचा रेग्युलेटर दोन्ही नोंदणीकृत भंगार पुनर्वापरकर्त्याकडे जमा करून त्याची पावती बिलासोबत जोडायची आहे. पावती नसेल तर त्या पंख्याचे पैसे अदा होणार नाहीत.